दहा गुंठे आणि एक वही

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. एस.टी.ची पाटी वाचता. रेशनच्या पावतीवरचा आकडा वाचता. कागदावर सही करता. ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. पण अक्षर आले म्हणजे काम संपले असे नव्हे. अक्षर हे अवजार आहे. विळा आढ्याला टांगून ठेवला तर गवत कापले जात नाही. तो हातात घ्यावा लागतो. अक्षराचेही तसेच आहे.

मग हे अवजार चालवायचे कुठे? आज त्याविषयी बोलू.

पारावर बसले की दोन वाक्ये नेहमी कानावर येतात. एक, "शेतीत आता काही राम राहिला नाही." दुसरे, "जमीन विकू, पण पोराला शिकवू." या बोलण्यात दुःख आहे. ते खोटे नाही. पाऊस लहरी झाला आहे. खताचे, बियाण्याचे दर चढले आहेत. वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे पडले आहेत. बापाची ५ एकर जमीन चौघांत वाटली, तर एकेकाला ५० गुंठे येतात. पुढच्या पिढीत तेही वाटले जाणार. मुलींचाही त्यात सारखा हक्क आहे, हे विसरून चालणार नाही.

पण जमीन एकदा गेली की परत येत नाही. म्हणून विकण्याआधी आपण वही-पेन्सिल घेऊन बसू. तीन हिशेब मांडू. एक घराचा, एक शेताचा आणि एक शाळेचा.

पहिला हिशेब घराचा.

साधे राहावे, असे थोर माणसे सांगतात. आपल्याला वाटते, आम्ही काय थाटात राहतो? भाकरी-कालवण खातो, दोन जोड कपडे वापरतो. खरे आहे. साधे राहणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. पोटाला, औषधाला, मुलांच्या पुस्तकांना काटकसर करू नका. साधे राहणे म्हणजे लोकांच्या डोळ्यांसाठी खर्च न करणे.

एक उदाहरण घेऊ. समजा, घरातल्या लग्नासाठी १ लाख रुपये कर्ज काढले. सावकाराचा दर महिन्याला शेकडा ३. म्हणजे १०० रुपयांना महिन्याला ३ रुपये. ऐकायला किती लहान वाटते! आता वहीत लिहा. १ लाखाला महिन्याचे व्याज ३,००० रुपये. वर्षाचे ३६,००० रुपये. तीन वर्षांचे १,०८,००० रुपये. मुद्दलापेक्षा व्याज जास्त झाले, आणि मुद्दल आहे तिथेच उभे आहे. मांडव दोन दिवसांत उतरला. जेवलेली माणसे आपापल्या घरी गेली. कर्ज तेवढे आपल्या घरी राहिले.

म्हणून कर्ज घेणे भाग असेल, तर आधी बँकेचा, सोसायटीचा, बचत गटाचा दर विचारा. सगळे दर एकाखाली एक लिहा. दर महिन्याचा की वर्षाचा, तेही लिहा. मगच सही करा. ज्याला वाचता येते, त्याने न वाचता सही केली, तर ती अंगठ्याइतकीच आंधळी.

एकदा एका मावशींनी मला विचारलं, "गुरुजी, साधं लग्न केलं तर लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "मावशी, लोक दोन दिवस बोलतील. व्याज तीन वर्षं बोलेल."

मावशी हसल्या. पण मग म्हणाल्या, "एकटीनं साधं केलं, तर लोक त्याला गरिबी म्हणतात. दहा घरांनी मिळून केलं, तर तीच रीत होते." माझ्या उत्तरापेक्षा त्यांचे बोलणे शहाणपणाचे होते. साधेपणा एकट्याला जड जातो. दहा घरांनी मिळून ठरवले, तर तो सोपा होतो.

आता दुसरा हिशेब. तो शेताचा.

कोल्हापूरकडे श्रीपाद अच्युत दाभोळकर नावाचे एक गणिताचे शिक्षक होऊन गेले. २००१ साली ते वारले. त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. हा परिवार म्हणजे काही कचेरी नव्हती. शेतकरी आपल्या रानात छोटा प्रयोग करायचे. काय केले, काय झाले, हे लिहायचे. एकमेकांना कळवायचे, एकत्र बसून बोलायचे. चुकलेला प्रयोगही सांगायचे. द्राक्ष बागायतदारांना या रीतीचा फार उपयोग झाला. दाभोळकरांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

त्यांचे म्हणणे असे, की पाच माणसांच्या घराला दहा गुंठे जमिनीवर चांगले जगता येईल. मात्र ती जमीन बागेसारखी सांभाळली पाहिजे. झाडाचे पान उन्हापासून अन्न तयार करते. तेव्हा जमिनीवर पडणारे ऊन वाया जाऊ देऊ नये, आणि मातीतून जे निघाले त्यातला पालापाचोळा मातीलाच परत द्यावा.

दहा गुंठे म्हणजे किती? ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे १ गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. तेव्हा दहा गुंठे म्हणजे पाव एकर.

आता या पाव एकरावर पाऊस किती पडतो, ते पाहू. १ मिलिमीटर पाऊस झाला, तर एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी पडते. दहा गुंठ्यांवर १,००० लिटर. ज्या गावात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस होतो, ते कमी पावसाचे गाव. तरी तिथे दहा गुंठ्यांवर ५ लाख लिटर पाणी पडते. १० हजार लिटरचा एक टँकर धरला, तर ५० टँकर! आणि उन्हाळ्यात आपण एका टँकरची वाट बघत बसतो.

हे सगळे पाणी हाती लागत नाही. काही वाहून जाते, काही उन्हाने उडते. पण बांध नीट घातला, उताराला आडवी नांगरट केली, वाफ्यात पालापाचोळा पसरला, तर बरेच पाणी मातीत मुरते. पाचट आणि काडीकचरा पेटवून देऊ नका. तो पेटवला की मातीचे अन्न जळते. तोच झाडांच्या बुंध्याशी पसरला, तर ओल टिकते आणि कुजून त्याचे खत होते.

एका गायीचे दिवसाला सुमारे १० किलो शेण धरा. वर्षाचे ३,६५० किलो झाले. म्हणजे साडेछत्तीस क्विंटल. ते उकिरड्यावर उन्हात वाळू द्यायचे, की खड्ड्यात पाल्याचे थर देऊन कुजवायचे, हे आपल्या हातात आहे. तूर, मूग, चवळी या पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. आपले वाडवडील ज्वारीत तुरीची ओळ का धरीत, ते आता कळले ना?

घरामागची मोरीही विसरू नका. मोरीच्या पाण्यावर दोन केळी, एक पपई आणि एक शेवगा सहज येतो. शेवग्याच्या पाल्याची भाजी मुलांच्या आणि बाळंतिणीच्या अंगी लागते. ती विकत आणावी लागत नाही.

कुणी विचारील, "गुरुजी, एवढ्यावर सगळं भागेल का?" सगळे भागेल असे मी म्हणणार नाही. दवाखान्याला, एस.टी.ला, कपड्याला रोख पैसा लागतो. पाव एकरातून तो दरवर्षी निघेलच, असा भरवसा देता येत नाही. विहीर उन्हाळ्यात आटते. कधी गारपीट होते. म्हणून घरातल्या एखाद्याने बाहेर काम करावे, धंदा करावा. त्यात कमीपणा नाही. पण घरची भाजी, घरची डाळ आणि घरचे दूध असेल, तर वाईट सालात माणूस लगेच सावकाराच्या दारी जात नाही. छोट्या शेतीचे खरे बळ हे आहे.

तिसरा हिशेब शाळेचा.

"पोराला शिकवू" हे बोलणे सोन्यासारखे आहे. पण शिकणे म्हणजे काय? हाताला माती न लागणे, अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. ती समजूत मोडणारी माणसे याच महाराष्ट्रात झाली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. सगळ्या जातींची गरीब मुले त्यांनी एका वसतिगृहात आणली. ती मुले श्रम करून शिकली. 'कमवा आणि शिका' हा त्यांचा मंत्र. वसतिगृहाच्या खर्चासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथे गांधीजींनी 'नई तालीम' मांडली. मुलाने सूतकताई किंवा शेती यांसारखे हातकाम करावे आणि त्यातूनच गणित, भूगोल, विज्ञान शिकावे, असा तो विचार होता.

डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखायला रानात जात. शाळेत येईनात. या बायांनी काय करावे? शाळाच कुरणावर नेली! गुरे चरत, मुले शिकत. तिला 'कुरणशाळा' म्हणत. पाड्यावरच्या अंगणात त्यांनी लहान मुलांची शाळा भरवली. ती 'अंगणवाडी'. आज गावोगाव अंगणवाडी आहे. तिचे नाव या अंगणातून आले.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते मोठे शास्त्रज्ञ. शहरातली नोकरी सोडून खेड्यात आले. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, विजेचे काम, शेती, जनावरांची निगा आणि आरोग्य शिकतात. करता करता गणित आणि विज्ञान येते. पुस्तकात नापास झालेला मुलगा हाताने पास होतो, हे तिथे दिसले.

आता सरकारचे २०२० चे शिक्षण धोरणही हेच सुचवते. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवावे आणि सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकावे, असे त्यात म्हटले आहे.

पण इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. याचा अर्थ मुलाला शाळेतून काढून खुरपायला लावा, असा नाही. शाळा बुडवून करवलेले काम म्हणजे शिक्षण नव्हे, ती मजुरी. आणि घरात कामाला पहिली जुंपली जाते ती मुलगी. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा लागू आहे. मुलीला शाळेत पाठवा, मुलालाही पाठवा. संध्याकाळी दोघांनाही सारखेच वाफ्यापाशी न्या. वाफा मोजायला सांगा. पावसाचा आकडा लिहायला सांगा. मग शाळेतले गणित त्यांना परके वाटणार नाही.

मूल शिकून शहरात गेले, तर आनंदाने जाऊ द्या. गावात राहिले, तर त्याला हरलेला म्हणू नका. जायचे की राहायचे, हे त्याला निवडता आले पाहिजे. जमीन हातात असली आणि डोक्यावर कर्ज नसले, तरच निवडता येते.

आता काय करायचे ते सांगतो. चार साध्या गोष्टी आहेत.

पहिली. एक वही करा. डाव्या पानावर आलेला पैसा, उजव्या पानावर गेलेला पैसा. रोज दोन ओळी लिहा.

दुसरी. जमीन असेल त्याने एका गुंठ्यावर प्रयोग करा. सगळ्या रानावर एकदम करू नका. एका वाफ्यात पाचोळा पसरा, दुसऱ्यात पसरू नका. पाणी किती दिवसांनी द्यावे लागले, ते लिहा. माझे ऐकू नका, वाफ्याचे ऐका. जमीन नसेल त्याने मोरीच्या पाण्यावर एक शेवगा लावा.

तिसरी. आठवड्यातून एक संध्याकाळ दहा घरांनी एकत्र बसा. बायांनीही बसा. प्रत्येकाने आपल्या वहीतले एक पान वाचून दाखवा. ज्याचे चुकले, त्याला हसू नका. त्याने दहा जणांचे नुकसान वाचवले.

चौथी. जमीन विकायची वेळ आलीच, तर घरातल्या सगळ्यांना बसवून तिन्ही हिशेब मोठ्याने वाचा. बायकोला विचारा, शाळेत जाणाऱ्या मुलीलाही विचारा. मग ठरवा.

यातून गाव एका वर्षात बदलणार नाही. पण एका वर्षात तुमची वही भरेल. त्या वहीत तुमच्याच मातीचे आणि तुमच्याच घामाचे आकडे असतील. तसले पुस्तक कुठल्या दुकानात मिळत नाही. पुढच्या वेळी मी येईन, तेव्हा भाषण करणार नाही. तुमच्या वह्या ऐकायला बसेन.

राम राम मंडळी.