विहारयात्रा आणि धम्मयात्रा



विद्यार्थी मंडळाने आम्हाला दिलेला विषय असा आहे : परदेशात जाऊन विनावेतन शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी तो देशही पाहायचा, हे दोन्ही जमते का? विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते आमच्या लगेच ध्यानात आले. सेवा करायची आहे आणि पोखऱ्याला जाऊन पॅराग्लायडिंगही करायचे आहे. विसाव्या-बाविसाव्या वर्षी असे वाटू नये तर केव्हा वाटावे? तेव्हा आम्ही येथे कोणाला रागवायला उभे नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण विरार लोकलने येता-जाता नालासोपारा स्टेशन पाहतात. त्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हा लेख इतर ठिकाणी पूर्ण मिळाला आहे आणि त्याचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करीत, मौजमजा करीत. (येथे विहार म्हणजे मौज, आपले बुद्धविहार नव्हे, हे मुलांसाठी सांगून ठेवतो.) राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेथून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत तो श्रमणांना भेटे, वृद्धांना दान देई आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माविषयी बोले. त्यात आपल्याला आनंद वाटतो असेही त्याने लिहून ठेवले. म्हणजे राजाने फिरणे सोडले नाही, आनंदही सोडला नाही. पुढे विसाव्या वर्षी तो लुंबिनीला गेला. तेथील स्तंभावर लिहिले आहे की या गावाचा बली माफ केला आणि उत्पन्नाचा राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला. राजा आला, वंदना करून गेला आणि मागे गावाची करमाफी राहिली.

आता नेपाळबद्दल. परदेश म्हटले की आपल्या मुलांना विमान दिसते. आमचा परदेश लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेसने सुरू होतो. गोरखपूरला उतरायचे, तेथून बसने सोनौली, सीमा ओलांडली की भैरहवा. व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ असावे. लुंबिनीच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर तौलिहवा हे कपिलवस्तू जिल्ह्याचे मुख्य ठाणे आहे. त्या परिसरातील एका सामुदायिक विद्यालयात संस्थेचे आम्ही तिघेजण दोनदा, साठवलेली रजा काढून, राहून आलो.

तेथेच का? बुद्धभूमी हे एक कारण झाले. दुसरे असे की नेपाळच्या लोकसंख्येत शंभरातले सुमारे तेरा लोक दलित आहेत आणि त्यांतही तराईतील मुसहर, डोम, चमार या समाजांची मुले शाळेत सर्वांत मागे आहेत. १९६३ च्या मुलुकी ऐनाने जातिभेदाची कायदेशीर मान्यता काढून घेतली आणि २०११ साली अस्पृश्यतेविरुद्ध वेगळा कायदा झाला. कायदा झाला म्हणजे काय होते आणि काय होत नाही हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. नोव्हेंबर १९५६ मध्ये, दीक्षेनंतर महिन्याभराने, प्रकृती ढासळलेली असताना बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, हेही आमच्या मनात होते.

मुले घरी अवधी बोलतात, पुस्तक नेपाळीत असते आणि इंग्रजी ही तिसरी. लिपी देवनागरीच, त्यामुळे वाचता सगळे येते. सुट्टीला तेथे ‘बिदा’ म्हणतात. ‘भोलि बिदा’, म्हणजे उद्या सुट्टी. आपल्या कानाला तो निरोपच वाटतो! शिकवण्याचा आमचा अनुभव बेताचा. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि जन्म गेला बँकेच्या काउंटरवर. म्हणून आम्ही वर्ग ताब्यात घेतला नाही. तेथील सरांच्या शेजारी बसून त्यांच्याच धड्याला हातभार लावला. आणि जे आपल्याला येते ते शिकविले, म्हणजे पैसे मोजणे.

कागदाच्या नोटा केल्या. एका बाकावर भारत, दुसऱ्यावर नेपाळ. १९९३ पासून एका भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे नेपाळी हा दर ठरलेला आहे. शंभराचे एकशे साठ. मुलांना खेळ इतका आवडला की डब्याची सुट्टी झाली तरी काउंटर बंद होईना. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीचे वडील भिवंडीला लूमवर कामाला होते. तिने शुक्रवारी शाळा सुटता सुटता तीन हजारांचे गणित केले. उत्तर आले चार हजार आठशे. मग ती म्हणाली, “सर, हमरे इहाँ तो साढ़े चार आवत है.”

घंटा झाली होती. रविवारी बोलू, असे तिला सांगितले. तेथे परंपरेने शनिवारी सुट्टी असते आणि रविवारी शाळा भरते. (२०२२ साली सरकारने रविवारचीही सुट्टी देऊन पाहिली होती, ती महिन्याभरात मागे घेतली. जाण्यापूर्वी शाळेला विचारून घ्यावे हे बरे.)

रविवारी सकाळी ती मुलगी शाळेच्या दारात उभी होती, सोबत तिची आई आणि वहीचे एक पान. पानावर सहा महिन्यांचे आकडे लिहिलेले. पैसे गावातल्याच एका माणसाच्या हाती येत. आम्ही कोणाला चोर म्हटले नाही. आणण्याचा मोबदला म्हणून तो काही घेत असेल. पण किती घेतो हे विचारण्याचा त्या माउलीला हक्क होता आणि विचारण्यासाठी हिशेब हाती असावा लागतो. भारतातल्या बँक शाखेतून एनईएफटीने नेपाळला पैसे पाठविण्याची अधिकृत सोय २००८ पासून आहे, हे आम्ही त्यांना सांगितले. वडिलांसाठी चिठ्ठी लिहून दिली. शाळेच्या सरांनी ती अवधीत समजावून सांगितली. पहिल्या तासाला तो वर्ग थोडा उशिराच सुरू झाला.

आता त्या शनिवारी आम्ही पोखऱ्याला गेलो असतो तर काय झाले असते, याचा हिशेब मांडू. भैरहव्याहून बुटवल, तानसेन मार्गे पोखरा सुमारे १८० किलोमीटर. नकाशावर जवळ दिसते, पण डोंगरातला रस्ता आहे, बसला सात-आठ तास सहज लागतात. तौलिहव्याहून भैरहव्यापर्यंतचा वेळ वेगळाच. म्हणजे शुक्रवारी दुपारी निघून रात्री पोचायचे, शनिवारी सकाळी फेवाताल पाहायचा आणि दुपारच्या आतच परतीची बस धरायची. एक दरड कोसळली की रविवार गेला. पावसाळ्यात तर हा विचारच नको. जुलै २०२४ मध्ये नारायणघाट–मुग्लिङ रस्त्यावर दरडीने दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या. पुढच्याच महिन्यात पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली, आपल्या वरणगाव परिसरातील यात्रेकरूंची बस मर्स्याङ्दी नदीच्या पात्रात कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. जळगाव जिल्ह्यातली ती घरे आपल्याला परकी नाहीत.

पोखरा जरूर पाहा. शिकवण्याचा काळ संपला, शेवटच्या वर्गाचा निरोप घेतला, की मग आठ दिवस काढून पाहा. बस चुकली तरी तेव्हा कोणी दारात उभे नसते.

शनिवारसाठी मात्र सायकलच्या अंतरात इतके आहे की जन्म पुरणार नाही. तौलिहव्याच्या उत्तरेला तीनेक किलोमीटरवर तिलौराकोट, शाक्यांचे कपिलवस्तू म्हणून नेपाळ ज्याला मानतो तो कोट. दक्षिणेला कुदान. भगवान बुद्ध परतल्यावर शुद्धोदनाला जेथे भेटले ते निग्रोधाराम हेच, अशी मान्यता आहे. गोटिहव्याला अशोकस्तंभाचा खालचा तुकडा जागेवर उभा आहे. निगलिहव्याला तळ्याकाठी दोन तुकड्यांत पडलेला स्तंभ आहे. कनकमुनी बुद्धाचा स्तूप अशोकाने दुपटीने वाढविल्याची नोंद त्यावर आहे. त्याच वाटेवर जगदीशपूरचा जलाशय लागतो. २००३ पासून तो रामसर यादीत आहे आणि थंडीत तेथे पाखरांची जत्रा भरते. भाताच्या खाचरांतून सारसांची जोडी चालताना दिसली तर सायकल बांधावर टाकून खुशाल पाहत बसावे. आम्ही बसलो होतो. चिखलात चाक रुतले, वाट चुकली, म्हशीवाल्या पोराने कालव्यापलीकडे काढून दिले. साहस साहस म्हणतात ते आमच्या वयाला एवढे पुष्कळ झाले.

आणि तिलौराकोट. आम्ही पहिल्यांदा गेलो ते नकाशा घेऊन. १८९९ साली पी. सी. मुखर्जींनी तेथे उत्खनन केले. अलीकडे डरहॅम विद्यापीठ आणि नेपाळचा पुरातत्त्व विभाग यांनी मिळून काम केले. पूर्वद्वाराशी उभे राहून, सिद्धार्थाने याच वाटेने गृहत्याग केला असे मानतात, हे आठवून अंगावर काटा आला. सोमवारी वर्गात विचारले, तिलौराकोट कोणी पाहिला आहे? चार हात वर आले. राहणार तेथून सायकलच्या अंतरावर, आणि चार हात! थायलंडहून, श्रीलंकेहून, आपल्या नागपूर-औरंगाबादहून लोक बस करून येतात आणि या मुलांनी विटासुद्धा पाहिलेल्या नाहीत. पुढच्या शनिवारी शाळेचे सर आणि वीसेक मुले घेऊन गेलो. एकाने तटाची लांबी पावलांनी मोजली, एकीने विटांचे थर मोजून वहीत लिहिले. रविवारचा गणिताचा तास त्यावरच झाला. त्या मुलांत कोणाच्या हातचे पाणी कोण पीत नाही हे शाळेत आमच्या नजरेला आले होते. कोटावर बाटली एकच होती आणि उन्हाने सगळे तहानलेले होते. सरांनी ती स्वतः हातोहात फिरविली. तो शनिवार आम्ही सुट्टीत धरावा की कामात, हे अजून ठरलेले नाही.

आमच्या कार्यकारिणीत एक मत असे आहे की स्वयंसेवकाने मुळीच फिरू नये, संस्थेचा पैसा सहलीसाठी नाही. मत प्रामाणिक आहे, पण आम्हाला पटत नाही. गाव न पाहता वर्ग-खोली-वर्ग करणारा तरुण तिसऱ्या आठवड्यात घरच्या आठवणीने आजारी पडतो. भिक्खुसंघाने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला आहे. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास, मग चारिका. आणि वर्षावासातही निकडीच्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा विनयात आहे, तिला सत्ताहकरणीय म्हणतात. मुभा आहे, पण ती मोजलेली आहे. ज्यांना तीन महिने देता येतात त्यांनी वर्ग घ्यावा. आमच्यासारख्या तीन आठवडेवाल्यांनी तेथील शिक्षकांना मदत करावी आणि तेवढ्यावर समाधान मानावे. जवळच्याच एका शाळेत दूर देशांतली मुले-मुली आळीपाळीने येत. मने चांगली, गाणी सुरेख शिकवीत. पण गुरुवारी निघत ते मंगळवारी उगवत आणि महिन्याने नवी जोडी येई. सहा महिन्यांत त्या वर्गाचे ‘ए फॉर ॲपल’ तीनदा झाले.

याहून गंभीर गोष्ट अनाथालयांची. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत, म्हणजे पर्यटक जातात तेथेच, नेपाळची बहुसंख्य बालगृहे एकवटली. त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाचे आमिष दाखवून दलालांनी दुर्गम डोंगरांतून पोरे आणली, कागदोपत्री अनाथ केली आणि पाहुण्यांच्या देणग्या गोळा केल्या. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या कायद्याच्या वेळी या प्रकाराला आधुनिक गुलामगिरीत गणले. म्हणून सकाळी अनाथ मुलांना शिकवा आणि दुपारी राफ्टिंग करा, अशी पैसे घेऊन जुळवलेली योजना कोणी पुढे केली तर तिला हात लावू नका. ज्या शाळेत मुले संध्याकाळी आपल्या आईकडे परत जातात तेथेच जा.

आणखी किरकोळ सूचना. ‘बुद्ध भारतात जन्मले’ असे तेथे चुकूनही म्हणू नका. लुंबिनी नेपाळात आहे आणि त्या लोकांना या वाक्याचा फार राग येतो, तो रास्तही आहे. कपिलवस्तू तिलौराकोट की आपल्याकडचे पिप्रहवा, हा वाद तर पाहुण्याने वर्गात काढूच नये. भारतीय नोटांचे नियम तेथे पुष्कळदा बदलले आहेत, निघण्याआधी बँकेत विचारा. दसऱ्या-दिवाळीत शाळा बंद असतात. पौष-माघात शीतलहर आली की बंद, ज्येष्ठाच्या उन्हातही बंद. नवे वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होते. तेव्हा आपली परीक्षा आटोपून निघणाऱ्यांना तोच काळ सोयीचा.

नावे सभेनंतर चिटणीसांकडे द्यावीत. त्या मुलीच्या वर्गाला आता अपूर्णांक चालू आहेत असे सरांनी कळविले आहे. तेव्हा या खेपेस गणित बरे असणाऱ्यांना प्राधान्य द्यावे आणि संस्थेने तेथे दोन जुन्या सायकली घेऊन ठेवाव्यात, असे आम्ही कार्यकारिणीला लिहून दिले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!