नेमबाजीचा छंद



बंदुकीचे नाव काढले की आईवडील दचकतात. पण आंबा घाटापलीकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, एका शिक्षकाचाच मुलगा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवून आला. एअर रायफलला १० मीटर अंतर पुरते. दहा गुणांचा ठिपका मात्र अवघा अर्धा मिलिमीटर! असे ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे. अभ्यासाला न बसणाऱ्या मुलाने हे करून पाहावेच. आपल्या दमट हवेत बोटांच्या घामानेही लोखंड गंजते, म्हणून सरावानंतर रायफल पुसून तेलाचा हलका हात फिरवा. सामना भरवताना लक्ष्यामागे भक्कम आडोसा हवा. पंचाच्या हुकमाशिवाय छर्रा भरायचा नाही, नळी सदैव लक्ष्याकडेच. हे न पाळणारा कितीही अचूक असो, त्याला बाद करा.