बुळकांडी गेली, आता पाळी लाळ-खुरकुताची

(कुसगाव, ता. मावळ येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



वर्तमानपत्र उघडले की दुष्काळ, गारपीट, प्रदूषण आणि पडलेले बाजारभाव हेच वाचायला मिळते. त्या बातम्या खोट्या नाहीत. पण याच जगात माणसांनी एकजुटीने काही संकटे कायमची संपविली आहेत. त्यांपैकी एक तर थेट आपल्या गोठ्यातले होते. आज त्याविषयी बोलणार आहे, कारण आपल्या पुढच्या कामाचा धडा त्यात आहे.

गोठे रिकामे करणारा रोग

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ‘बुळकांडी’ हा शब्द ठाऊक असेल. तरुणांपैकी अनेकांनी तो ऐकलाही नसेल, आणि हीच खरी आनंदाची गोष्ट आहे. या रोगात जनावराला सडकून ताप यायचा, तोंडात व्रण पडायचे, डोळ्या-नाकातून स्राव वाहायचा. मग दुर्गंधीयुक्त हगवण लागून आठवडा-दीड आठवड्यात जनावर दगावायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग आफ्रिकेत पसरला आणि तेथील बहुतांश गुरे त्याला बळी पडली. इथिओपियात मोठा दुष्काळ पडला. नांगराला बैलच उरले नाहीत, तर पेरणी कोठून होणार?

आपल्या देशात जनावरांच्या अशा साथींच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यातच प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था ती हीच. १९५४ मध्ये देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला गेला. देशातील शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला. २००६ साली भारत या रोगापासून मुक्त ठरला, तर २०११ साली सारे जग मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर जगातून संपलेला हा दुसराच रोग.

हे कसे साधले? लस उत्तम होती. तिने जनावराला दीर्घकाळ, बहुधा जन्मभर संरक्षण मिळे. पण बाटलीतली लस रोग थांबवीत नाही. ती बर्फात ठेवून वाडी-वस्तीपर्यंत न्यावी लागली आणि शेतकऱ्याने जनावर पुढे करावे लागले. शेवटी तर लसीकरण थांबवून, रोग कोठे दडून राहिला आहे का, याचा गावोगाव शोध घेण्यात आला.

गिधाडांचा धडा

दुसरे उदाहरण गिधाडांचे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी घालण्यात आली. गिधाडे पूर्वीसारखी झालेली नाहीत, पण घसरण मंदावली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध उपलब्ध आहे. औषध आणताना डॉक्टरांकडे त्याची चौकशी जरूर करा.

आता आपली पाळी

लाळ-खुरकुताविरुद्ध २०१९ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हे काम बुळकांडीपेक्षा अवघड आहे. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत आणि लसीची ताकद साधारण सहा महिनेच टिकते. म्हणून दर सहा महिन्यांनी टोचणी हवी. चिखलणीच्या दिवसांत बैलाच्या खुरांत जखमा झाल्या, तर इंद्रायणीची लावणी खोळंबते. म्हैस बरी झाली तरी तिचे दूध पुष्कळदा पूर्ववत येत नाही.

“लस टोचली की दूध आटते,” अशी तक्रार ऐकू येते. दूध एक-दोन दिवस थोडे कमी होते, हे खरे. मग ते पूर्ववत होते. रोगाने होणाऱ्या नुकसानीपुढे हे काहीच नाही.

तेव्हा एवढे करा :

१) चार महिन्यांवरील प्रत्येक जनावराला दर सहा महिन्यांनी लस टोचून घ्या. भाकड गाय आणि म्हातारा बैलही वगळू नका.

२) दिवस भरत आलेली गाभण गाय-म्हैस असल्यास लस टोचणाऱ्यास आधी सांगा.

३) चाकणच्या किंवा अन्य बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधा.

४) लाळ गळणारे, लंगडणारे जनावर दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवा. ते चरायला सोडू नका आणि बाजारातही नेऊ नका.

बंधू-भगिनींनो, गावातील दहा गोठे टोचणीविना राहिले, तर रोगाला तेवढी वाट पुरते. आपण ती बंद केली, तर आज ‘बुळकांडी’ जसा जुना शब्द झाला, तसाच ‘लाळ-खुरकूत’ हा शब्दही आपल्या नातवंडांना आजोबांना विचारावा लागेल. त्यासाठी पुढच्या लसीकरणाच्या दिवशी शेजाऱ्याचेही जनावर सोबत घेऊन या, एवढीच विनंती.