तेच गाव, तेच घर

समुदायाधारित वैद्यकीय शिक्षण, म्हणजे भावी डॉक्टरांना रुग्णालयाबाहेर, लोक जेथे राहतात आणि राबतात तेथे नेऊन दिले जाणारे शिक्षण, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ मध्ये, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने ती प्रत्यक्षात आणली. तेथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी विद्यार्थी त्या गावात मुक्कामी शिबिराला जातात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि शिबिर आटोपल्यावरही त्या घरांच्या भेटी चालू राहतात. या रचनेचा प्राण त्या नंतरच्या भेटींत आहे.

रुग्णालयाच्या खाटेवर विद्यार्थ्याला आजाराचा एकच क्षण दिसतो. पंडुरोग, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी होण्याची अवस्था, झालेल्या शेतमजूर स्त्रीला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या की तेथे काम संपल्यासारखे वाटते. परंतु महिन्याभराने तिच्याच ओसरीवर बसल्यावर कळते की मळमळ होते म्हणून तिने गोळ्या सोडल्या आहेत, जेवणाला लागूनच ती चहा घेते व त्यामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते, कापूसवेचणीच्या दिवसांत दवाखाना गाठायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि घरात सर्वांच्या मागून जेवणारी तीच असते. यांतील बरेचसे ती पहिल्या भेटीत सांगत नाही, आणि परक्या मुलामुलींना तिने ते का सांगावे?

देशातील आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच ‘सामाजिक वैद्य’, म्हणजे आजाराबरोबरच रुग्णाची अशी परिस्थितीही पाहणारा डॉक्टर, घडवण्याचा आग्रह धरला होता. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांकडे कुटुंबे सोपवणारा कुटुंब दत्तक उपक्रम अभ्यासक्रमात आणला, हे स्वागतार्हच आहे. मात्र बस गावात थांबली, रक्तदाब मोजले, तक्ते भरले आणि संध्याकाळपूर्वी बस परतली, एवढ्यावर जेथे भागवले जाईल, तेथे त्या कुटुंबाच्या पदरी काही पडणार नाही आणि विद्यार्थ्याच्याही नाही.

त्या घराचा उंबरठा विद्यार्थ्याला ओलांडता येतो तो बहुधा ‘आशा’मुळे, म्हणजे गावातच राहून आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्तीमुळे. कोणत्या घरी माणसे केव्हा भेटतात, कोणत्या सुनेशी सासूच्या माघारी बोलावे लागते, हे तिला ठाऊक असते, आणि म्हणूनच विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात तिचे मतही नोंदवून घेतले जावे.