मुलाचे आजारपण आणि मोफत औषधाची किंमत

(हमरिया फ्री झोन परिसरातील बांधवांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात शिक्षण, नोकरी आणि व्हिसा ह्या विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते आहेत. संयोजकांनी माझ्याकडे सोपवलेला विषय मात्र अगदी घरगुती आहे. गावाकडच्या लहान मुलांना नेहमी होणारे जुलाब, ताप, खोकला हे आजार आणि त्यांवर होणारा आपला खर्च. विषय घरगुती असला तरी तो ह्या सभागृहातील बहुतेकांच्या पगाराशी बांधलेला आहे. हमरियाच्या पोलादाच्या, लाकडाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांची मुले येथे नाहीत. ती बुलढाणा, वाशीम, नांदेड, रत्नागिरी ह्या जिल्ह्यांतल्या खेड्यांत आईजवळ, आजी-आजोबांजवळ वाढत आहेत. मूल आजारी पडले की फोन येतो आणि आपण एक्सचेंजची वाट धरतो. पैसे पाठवले की बापाचे कर्तव्य पार पडले असे मनाला वाटते. पण तो पैसा नेमका कशापायी जातो, हे आपण कधी विचारतो काय?

प्रथम जुलाबांचे पाहू. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांची पुडी पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजण्यास आरंभ केला. पाजणारे नातेवाईकच होते. उपचाराअभावी शंभरांतील तीस रुग्ण जेथे दगावत होते, तेथे हे प्रमाण चारांच्या खाली आले. आज तीच पुडी ओआरएस या नावाने दुकानात वीस रुपयांच्या आसपास मिळते आणि आशाताईंकडे ती मोफत असते. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी तिच्या जोडीला दहा ते चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या सांगितल्या आहेत. त्याही सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात.

असे असूनही आपल्या वस्तीत जुलाब झालेल्या मुलाला घरचे माणूस पहिल्याने कोठे नेते? सुई टोचणाऱ्याकडे. बाटली टांगली नाही तर उपचार झाल्यासारखे वाटत नाही, आणि बाहेरगावी असलेल्या बापाने पैसे पाठवले असतील तर बाटली हमखास टांगली जाते. मूल निपचित पडले असेल, पाणी पिऊ शकत नसेल, तर सलाईन त्याचे प्राण वाचवते, यात शंका नाही. पण जे मूल वाटीने पाणी पिते आहे, त्याला बाटली लावण्याचा खर्च हा आजाराचा खर्च नव्हे, तो आपल्या समजुतीचा खर्च आहे.

आता न्यूमोनिया. ह्या आजाराविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची अनुमती द्यावी, कारण ह्या खर्चाचा चोख हिशेब आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, मांडला गेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यांतील बालमृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठे कारण आहे असे त्यांना दिसले. डॉक्टर दूर, रस्ते पावसाळ्यात बंद. मग त्यांनी अठ्ठावन्न गावांत आरोग्यदूत, निमवैद्यकीय कर्मचारी आणि गावच्या दाया यांना हा आजार ओळखण्यास आणि कोट्रायमोक्साझोल हे साधे औषध देण्यास शिकवले. चव्वेचाळीस गावे तुलनेसाठी ठेवली. दायांना मोठे आकडे मोजता येत नसत, म्हणून पुढे एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असे साधन बनवले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. ज्या बायांना आपण अडाणी म्हणत आलो, त्यांनी त्या मण्यांवर निदान करून दाखवले.

ह्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या बालकांत मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहून कमी, ०.८ इतके राहिले. तुलनेच्या गावांत ते १३.५ होते. आणि औषधाचा खर्च? वाचवलेल्या प्रत्येक मुलामागे २.६४ डॉलर. आजच्या हिशेबाने दहा दिरहमच्याही आत! येथे कंपनीच्या दारातल्या उपाहारगृहात एका वेळच्या जेवणाला याहून अधिक मोजावे लागतात.

बाबासाहेब आणि रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले बालपणीच गेली, हे आपण सर्व जाणतो. राजरत्न गेला तो १९२६ साली. पेनिसिलिन तेव्हा जगात कोणाच्याच हाती नव्हते. आज कोट्रायमोक्साझोलची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली आहे. ते स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधयादीत आहे. औषध असताना मूल गेले, तर त्याचे उत्तर वेगळ्या ठिकाणी शोधावे लागेल.

ते ठिकाण म्हणजे घर आणि केंद्र यांच्यामधले अंतर. नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात तीस हजार आणि आदिवासी व डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. म्हणजे ते बहुधा आपल्या गावात नसते, चार गावे ओलांडून असते. मुलाला घेऊन आई निघाली की तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एक दिवस केंद्रात, दुसरा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तिसरा घरी मुलाजवळ, असे तीन दिवस गेले की ८९१ रुपये बुडाले. जीपचे भाडे वेगळे. बरोबर सोबतीला आलेल्या सासूचे वा दिराचे खाडे वेगळे. केसपेपर फुकट, औषध फुकट आणि तरीही हजार रुपये गेले, असा हा हिशेब आहे. म्हणून ती माउली एक दिवस वाट पाहते, मग आणखी एक. न्यूमोनियात हे दोन दिवसच घातक ठरतात.

सरकारी बाजूचाही खर्च असतोच. केंद्र चालवण्यात औषधाचा वाटा लहान. डॉक्टर व परिचारिकांचे पगार, लसींचा शीतकपाट, वीज, रुग्णवाहिका यांना खरा पैसा लागतो, आणि तो मुले आली तरी लागतो, न आली तरी लागतो. डॉक्टरांची जागा रिकामी राहिली तर सरकारचा पगार वाचतो खरा, पण तो खर्च नाहीसा होत नाही. तो उचलून गरिबाच्या खिशात टाकला जातो, इतकेच! राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ साली देशभर विचारणा केली, तेव्हा ग्रामीण भागात एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी ठिकाणी ४,२९० रुपये आणि खासगी ठिकाणी २७,३४७ रुपये आढळला. हे आकडे सर्व वयांचे आहेत. पण सरकारी दारातून खासगी दारात पाऊल टाकताना काय होते, ते समजण्यास पुरेसे आहेत.

आपल्या हक्कांची माहितीही आपल्या घरी पोहोचलेली नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला, आणि २०१४ पासून वर्षभराच्या आतील बाळाला, सरकारी दवाखान्यात औषध, तपासणी आणि येण्याजाण्याचे वाहन मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व संस्थांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती, हे ध्यानात ठेवावे. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य येते. असे असता दवाखान्यात नेण्यासाठी आपल्या घरच्यांनी व्याजाने पैसे का काढावेत?

येथे, शारजाहमध्ये, १ जानेवारी २०२५ पासून खासगी नोकरीतील कामगारांना आरोग्य विमा सक्तीचा झाला. वर्षाला ३२० दिरहमांपासून तो मिळतो आणि व्हिसा नूतनीकरणाशी जोडला आहे. चांगली गोष्ट झाली. पण त्या कार्डावर नाव तुमचे आहे. देगलूरच्या किंवा मेहकरच्या वस्तीतल्या तुमच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. त्याचे कार्ड म्हणजे गावची आशाताई, आणि तिचा फोन क्रमांक आपल्यापैकी किती जणांच्या मोबाईलमध्ये आहे? मला वाटते, कंत्राटदाराचा आणि एजंटाचा क्रमांक सर्वांकडे असेल.

म्हणून माझी विनंती आहे की पैसे जरूर पाठवा, पण आजार वाढल्यावर पाठवू नका. वर्षाच्या आरंभी हजार-दोन हजार रुपये घरातल्या बाईच्या हाती वेगळे ठेवा, केवळ गाडीभाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी. ते मोडण्यास तिला कोणाची परवानगी मागावी लागू नये, सासऱ्याची नाही आणि तुमचीही नाही. निर्णय फोनवरून घेण्याची आपली सवय मुलांना महाग पडते.

आणि फोन आलाच, तर 'किती पैसे लागतील' हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा: मूल पीत आहे काय? मूल स्तनपान करीत नसेल, खाल्लेले सर्व ओकत असेल, झटके आले असतील, ग्लानीत असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर बोलत बसू नका, १०८ ला फोन करण्यास सांगा. केवळ खोकला आणि जोराचा श्वास असेल तर मोजा. आपणांस ठाऊकच आहे की येथून व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही. बोटिमवर चित्रासह बोलता येते. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, आईने त्याच्या पोटावरचा कपडा वर करावा. घड्याळ तुम्ही धरा, मोजणी तिने करावी, पुरे एक मिनिट. दोन महिने ते एक वर्ष वयाला पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांना चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावयाचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला साठ किंवा अधिक भरले, तर थेट रुग्णालय. हे आकडे छापलेले कार्ड मागच्या टेबलावर ठेवले आहे. जेवणाला जाताना प्रत्येकाने दोन उचलावीत, एक येथल्या खोलीतल्या भिंतीसाठी आणि एक गावाकडे जाणाऱ्या पहिल्या माणसाच्या बॅगेत टाकण्यासाठी.