बोलणी कुणाला बसतात?

मैत्रिणींनो, सून पोळ्या लाटत होती, नात मोबाईलवर बडबडगीत बघत होती. मध्येच जाहिरात लागली: अर्धउघडी बाई आणि पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या. बोलणी कुणाला बसली? सुनेला! "पोरीच्या हातात मोबाईल देतेसच कशाला?" मीही तेच बोलले, याची आज लाज वाटते. जाहिरातवाला सुटला.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६चा. त्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश-ध्वनीने दाखवलेलं दृश्यही येतं. म्हणून पडद्याचा फोटो काढा, तारीख-वेळ, कंपनीचं नाव टिपा. त्या संकेतस्थळाकडे आणि जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करा. एकेकाळी आपण पोस्टरांना काळं फासलं. आता पुरावा गोळा करू या, आणि सुनांना बोलणं थांबवू या.