महाकाय प्रवासी विमानें

कराडजवळ वारुंजीच्या शिवारांत कोयनाधरणाच्या काळांत बांधलेली एक धावपट्टी आहे. तिची लांबी सुमारें १३०० मीटर. तेथें लहान विमानें सुखानें उतरतात. मग ५०० माणसें वाहणारें विमान कां उतरूं शकत नाहीं, असा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलास सहज पडेल.

विमानाची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर पंखांचें क्षेत्रफळ चौपट होतें. वजन मात्र जवळजवळ आठपट वाढतें. म्हणजे पंखाच्या हातभर भागावर पूर्वीच्या दुप्पट भार येतो. तो पेलण्यास वेग अधिक हवा, आणि वेग घेण्यास वाट लांब हवी. एअरबस ए-३८० हें जगांतील सर्वांत मोठें प्रवासी विमान. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारें ८० मीटर असून पूर्ण भरलें असतां वजन ५६० टनांच्या घरांत जातें. त्यास सुमारें ३ किलोमीटरांची धावपट्टी लागते. एवढ्या ओझ्याखालीं जमीन खचूं नये म्हणून त्यास २२ चाकें दिलीं आहेत. रुंद धावेची बैलगाडी चिखलांत कमी रुतते, तेंच हें तत्त्व.

माणसांची काळजी याहून अवघड. सन २००६ मध्यें याच विमानाची कसोटी झाली. अंधार करून व निम्मीं दारें बंद ठेवून ८७३ माणसें ७८ सेकंदांत बाहेर पडलीं; नियमानें ९० सेकंदांची मुदत होती.

परंतु प्रत्येक संकट जमिनीवरच येतें असें नाहीं. एप्रिल १९७१ मध्यें एअर इंडियाचें पहिलें बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’, मुंबईस दाखल झालें. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं तें दुबईकडे निघालें आणि दोन मिनिटांच्या आंत वांद्र्याजवळ समुद्रांत कोसळलें. २१३ जीव गेले. विमानाचा कल दाखविणारें मुख्य वैमानिकासमोरील उपकरण बिघडलें होतें. बाहेर काळोख व खालीं समुद्र. त्यामुळें विमान कोणीकडे कललें आहे, हें नजरेस कळेना. इतर उपकरणांच्या आधारें तें सांवरतां आलें असतें, पण तसें घडलें नाहीं.

विमानाचें आकारमान वाढलें, म्हणून वैमानिकासमोरील त्या तबकडीचें महत्त्व घटत नाहीं. उलट, जितकीं माणसें अधिक, तितका तिचा पडताळा पाहणाऱ्या वैमानिकावर भार अधिक. तो भार कोणत्याही चाकांवर वांटून देतां येत नाहीं.